भाड्याच्या गाडीतला मुराळी

सोलापूरचं विमानतळ इतकं आटोपशीर आहे की विमानातून उतरून चार पावलं टाकली की माणूस थेट रस्त्यावरच येतो. मी पणजीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. इतकी वर्षं गावाकडे यायचं म्हणजे रात्रभर एसटीत अंग आंबवायचं, एवढंच मला माहीत होतं. गोव्याहून सोलापूरला विमान सुरू झालंय हे पेपरात वाचलं तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, आपल्याला कशाला लागतंय विमान! आणि त्याच विमानातून सोमवारी सकाळी उतरून मी पार्किंगमध्ये माझी गाडी शोधत होतो.

गाडी मोबाइलवरून ठरवली होती, भाड्यानं, ड्रायव्हरशिवाय. एखादं काउंटर असेल, टायवाला माणूस चावी देईल, असं माझ्या डोक्यात. तिथं लिंबाच्या सावलीत एक पांढरी गाडी आणि तिला टेकून पन्नाशीचा एक माणूस उभा होता. घरचे यंत्रमाग विकून त्यानं दोन गाड्या घेतल्या होत्या. एकीकडे फोनवर घरच्यांशी तेलुगूत बोलत होता, एकीकडे माझ्याशी मराठीत. त्यानं मोबाइल धरून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मोठ्यानं बोलत तिचा व्हिडिओ काढला. "हा ओरखडा जुना. हा पोचा जुना. ह्याच्यापुढं काय झालं तर ते तुमचं." मग आरशाला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे मात्र काढू नका साहेब." शेवटी विचारलं, "परत कधी?"

"बुधवारी दुपारी," मी म्हणालो.

विमान ठराविक दिवशीच असायचं. बुधवारी होतं, शाळेची रजाही तेवढीच. मी तिकीट काढताना दुसरा काही विचारच केला नव्हता. आई हयात असती तर तिनं तिथल्या तिथं माझा कान पिळला असता.

मी आलो होतो अक्काला न्यायला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आमचं गाव जेऊरजवळ, करमाळा तालुक्यात. तिला दिली ती पार दुसऱ्या टोकाला, अक्कलकोटच्याही पुढं, कर्नाटकच्या शिवेवरच्या गावात. शेरडं-मेंढरं आणि थोडी जिरायत असलेल्या घरात. जिल्हा एकच, पण घर कानडी बोलणारं. पहिल्या वर्षी ती माहेरी आली तेव्हा आईला म्हणाली होती, "भांडाय शिकले गं कानडीत, पर रडाया अजून मराठीच लागतंय."

लेकीला सासरहून माहेरी आणायला जो जातो त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. वडिलांना शेतातून सवड नसायची, म्हणून तिसरीत असल्यापासून आमच्या घरचा मुराळी मीच. दोन एसट्या बदलून जायचं. मुराळ्याचा थाट काय सांगावा! अंघोळीला कढत पाणी, ताटात तुपाची धार, आणि अक्काची सासू "उण्णो, उण्णो" म्हणत, म्हणजे जेव जेव म्हणत, आग्रह करायची. परत येताना अक्का खिडकीशी बसायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. कोण कुणाला घेऊन चाललंय, असा प्रश्न कंडक्टरलाही पडत असेल.

आईवडील गेले आणि हे सगळं थांबलं. गावी चुलतभाऊ आणि वहिनी राहतात, माणसं चांगली आहेत. पण आई नसलेल्या माहेरी आपणहून कोण जातं?

आणि मग भाच्याचा फोन आला. अक्काचं पोट दुखत होतं, सोलापूरच्या डॉक्टरांकडे सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, खायला मागेल ते द्या, असं डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. दाजी म्हणजे अक्काचा नवरा. घरात ठरलं की तिला काही कळू द्यायचं नाही. आतड्याला सूज आहे, औषधानं उतरेल, एवढंच सांगायचं. आमच्याकडे असंच करतात. माणसाला मरण सांगणं म्हणजे त्याला आपल्या हातानं ढकलणं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. भाचा म्हणाला, "मामा, आई सारखी माहेरला जाते म्हणतीया. तेवढं एकदा न्या. पर कळू दिऊ नका."

एवढंच काम होतं माझं. शेवटचं माहेर तिला दाखवायचं, आणि ते शेवटचं आहे हे तिच्या मनातही येऊ द्यायचं नाही. ड्रायव्हर घेतला असता तर सोपं होतं, कारण मी गाडी चाळिशीनंतर शिकलो आणि अजून रिव्हर्स घेताना देवाचा धावा करतो. पण तिला मध्येच मळमळणार, थांबावं लागणार. परक्या माणसासमोर ती तोंड दाबून बसली असती, पण थांब म्हणाली नसती.

तिच्या दारात गाडी लावताना मी मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीला जेमतेम चुकवलं. अक्का उंबऱ्याशी बसली होती. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, शेजारी गाठोडं. किती वाळली होती! लुगड्याच्या आत कुणी आहे की नाही असं वाटावं. मी रडतो की काय असं झालं, म्हणून उगाच गाडीची डिकी उघडून बसलो. ती गाडीकडे बघत म्हणाली, "भाऊ, हिची पाटी काळी का रं?"

"भाड्याची आहे अक्का. भाड्याच्या गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं."

"आँ? मुराळी भाड्यानं आला व्हय!" म्हणून ती हसली, आणि हसता हसता पोट धरलं.

दाजी आतून चहा घेऊन आले. त्यांनी स्वतः केला होता. मेंढरामागं जन्म गेलेला माणूस, बोलणं मोजकं. अक्काच्या हातात कप देताना त्यांनी आधी बशीत ओतून फुंकर मारली. अक्कानं निघण्याआधी गाडीच्या बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढली, आणि मी ओरखड्याच्या व्हिडिओचा विचार करत गप्प बसलो.

पुढच्या सीटवर ती जन्मात पहिल्यांदा बसत होती. गाठोडं मागं ठेवलं तर गाडी टुकटुक करायला लागली. "ही का वरडतीया?" तिनं विचारलं. मागच्या सीटवर माणूस बसलंय आणि त्यानं पट्टा लावला नाही, असं गाडीला वाटतंय, मी सांगितलं. मग उतरून गाठोड्याला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. अक्काला ह्याचं भारी कौतुक वाटलं. मोहोळ जाईपर्यंत ती मधूनच मागं वळून गाठोड्याला विचारायची, "नीट बसलासा न्हवं?"

आम्ही चार ठिकाणी थांबलो. थांबलो की मी तिच्या पाठीवर हात फिरवायचो, ती पाण्यानं चूळ भरायची आणि "सूज लई दिसतीया" म्हणायची. मीही "हो, सूजच" म्हणायचो. खोटं बोलताना माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा होतो हे मला त्या प्रवासात कळलं. टेंभुर्णीच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस लागला. तिच्या लग्नाच्या वेळी तिथं नुसती माळरानं होती. "आता मुलूख कसा मऊ झालाय बग," ती म्हणाली आणि काच खाली करून हात बाहेर धरला.

माहेरचे दोन दिवस बरे गेले. खरं तर फार चांगले गेले, आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं. वहिनीनं पेजेसारखं पातळ हुलग्याचं माडगं केलं, ते अक्काच्या पोटात टिकलं. वहिनी आत जाऊन चुलीपुढं रडून आली आणि बाहेर येऊन म्हणाली, "धूर लई झाला." मंगळवारी अक्कानं सगळ्या गल्लीतून एक फेरी मारली, माझ्या खांद्याला धरून. कुणाच्या सुनेला बाळ झालंय, कुणाची म्हैस आटलीय, सगळं विचारलं. प्रत्येक घरी कुंकू लावून घेतलं. बायका म्हणायच्या, "आता चार दिस ऱ्हावा की." मी मध्येच तोंड घालायचो, "दिवाळीला आणतोय की परत! तेव्हा महिनाभर ठेवून घ्या." अक्का म्हणायची, "व्हय व्हय, दिवाळीला." मला वाटायचं, छान जमतंय आपल्याला.

संध्याकाळी वहिनी पीठ मळता मळता मला म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं म्हणता?"

"पहाटेच निघू. दुपारी गाडी परत द्यायचीय."

वहिनीचे हात थांबले. "उद्या बुधवार हाय की."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेक माहेरहून बुधवारी सासरी लावत नाहीत. जाशील बुधी तर येशील कधी, अशी म्हणच आहे. आईनं ह्या बुधवारासाठी काय काय केलं होतं! एकदा दाजी न्यायला आले होते आणि त्यांची मेंढरं तिकडं खोळंबली होती, तरी आईनं त्यांना गुरुवारपर्यंत हलू दिलं नाही. अक्का तर आईच्या वरताण. तिच्या स्वतःच्या लेकीचं सासरी निघणं तिनं एसटी स्टँडवरून माघारी फिरवलं होतं, कारण जावयानं वार बघितला नव्हता. आणि मी, घरचा मुराळी, मोबाइलवर बोटानं बुधवार दाबून मोकळा झालो होतो.

माझी धांदल उडाली. मी लगेच गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "राहू द्या की साहेब, गुरुवारी द्या, शुक्रवारी द्या. गाडीला आत्ता गिऱ्हाईक नाही." विमान चुकलं तर चुकू दे, एसटी आहेच. मी आनंदानं आत गेलो आणि जाहीर केलं, "अक्का, गुरुवारी जायचं. गाडी वाढवून घेतली."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. "नगं," ती म्हणाली. "उद्याच जाऊ."

"अवो, बुधवार हाय उद्या!" वहिनी म्हणाली.

"असू दे. ह्येचं विमान हाय. त्या गाडीवाल्या माणसाला शब्द दिलाया. आन् त्ये तिकडं एकटं हायती." त्ये म्हणजे दाजी.

वहिनीनं हात जोडले, दटावलं, आईची शपथ घातली. अक्का ऐकेना. इतकी हट्टी बाई, पण आजवर तिचा हट्ट बुधवारच्या बाजूनं असायचा. मी तिच्याकडे बघत राहिलो. मला काहीतरी टोचत होतं, पण काय ते मी धड मनात आणू देत नव्हतो. आजारपणानं ती नरम झाली असेल, असं मीच मला समजावलं.

पहाटे वहिनीनं ओटी भरली. खण, नारळ, गहू. हातावर दही घातलं. तिचं लक्ष ओटीत नव्हतं, निम्मे गहू खाली सांडले, ते अक्कानं वाकून एकेक करून वेचले. "तुज्या घरात सांडलं तरी तुजंच की गं," असं म्हणत वेचले आणि तिच्याच पदरात टाकले. चुलतभाऊ गाडीच्या काचेवर हात ठेवून उभा राहिला.

गावाची शीव ओलांडली तेव्हा उजाडत होतं. मला राहवेना. मी गाडी हळू केली. "अक्का, अजून वळवू का? उद्या जाऊ. काय बिघडतंय? आईला काय वाटेल?"

ती समोर बघत होती. ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरलेला.

"बुधवार परत येणारणीसाठी असतोय रं भाऊ," ती म्हणाली. "मला कशाला पायजे?"

मला समोरचा रस्ता दिसेना. ती म्हणाली, "रड, पर गाडी बाजूला घिऊन रड." मी गाडी बाजूला घेतली. उसाच्या कडेला, दिवा लुकलुकत ठेवून, स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडलो. मोठा माणूस रडतो तसा नाही, पोरासारखा रडलो. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आजारी ती होती, आणि पाठीवरून हात माझ्या फिरत होता.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगाया कशाला लागतंय? डाक्टर माज्याशी बोलायचा बंद झाला आन् ह्यांच्याशी बोलाया लागला. तुमी सगळी लई ग्वाड बोलाया लागला." "आन् ह्येनी च्या करून दिला. जन्मात कदी चूल पेटीवली न्हाय त्या माणसानं. पयल्या दिशी च्या आणला, तवाच कळलं मला. त्यात साकर लई पडली हुती. म्या काय बोलले न्हाय."

मी बाहीनं डोळे पुसले.

"पर एक ऐक," ती म्हणाली. "त्यास्नी कळू दिऊ नगंस. मला ठावं हाय म्हणून. त्यास्नी वाटतंय, मला कळू दिलं न्हाय म्हंजी लई मोटं काम केलं. त्यावरच चाललंय त्यांचं. मला ठावं हाय असं कळलं तर त्यो माणूस बसंल तितंच. ऱ्हाऊ दे तेवढं."

"अक्का, आणि तुला भीती...?"

"वाटतीया की," ती लगेच म्हणाली. "रातीला वाटतीया. दिसा न्हाय. चल आता, त्या बाबाची गाडी द्याची हाय."

बाकीचा रस्ता ती झोपली. मी कधी नव्हे इतकी हळू गाडी चालवली. मागून ट्रक हॉर्न मारत होते, शिव्या देत होते, देऊ देत. मुराळ्यानं लेक सासरी लवकर पोचवावी असं कुठं लिहिलेलं नाही.

घरी पोचलो तर दाजी दारातच. आम्ही बसतो न बसतो तोच ते चहा घेऊन आले. अक्कानं घोट घेतला आणि मोठ्यानं मला म्हणाली, दाजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "मग दिवाळीला येतूस न्हवं न्ह्याला? वहिनी म्हैनाभर ठिवून घेती म्हणलीया. तवर सूज उतरंलच की."

दाजी माझ्याकडे बघत होते. सगळी आशा त्या बघण्यात होती, आपलं गुपित अजून शाबूत आहे अशी.

"येतो की," मी म्हणालो. वर्गातल्यासारखा मोठा आवाज काढून म्हणालो.

विमानतळावर गाडीवाल्यानं पुन्हा मोबाइल धरून प्रदक्षिणा घातली. "ओरखडा जुना, पोचा जुना." बॉनेटवरच्या कुंकवाच्या पाच बोटांपाशी तो थांबला, माझ्याकडे बघितलं. मी रुमाल काढला. तो म्हणाला, "राहू द्या. पुसू नका." आणि व्हिडिओ बंद केला.

दिवाळी यायच्या आत अक्का गेली. पुन्हा तेच विमान, तीच गाडी. ह्या वेळी माझ्याकडे सामान काही नव्हतं, फक्त माहेरची साडी. सवाष्ण गेली की माहेरचं माणूस साडी घेऊन पोचल्याशिवाय तिला उचलत नाहीत. हिरवी साडी मी पणजीहूनच घेतली होती. ती पुढच्या सीटवर ठेवली, जिथं अक्का बसली होती. निघताना मी नकळत गाडीच्या टुकटुकीची वाट बघितली. गाडी गप्पच राहिली. साडीचं वजन ते किती असणार. तरी मी तिला पट्टा लावला.

गाडीवाल्यानं सवयीनं विचारलंच, "परत कधी?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "सावकाश या." तो दिवस कुठला वार होता हे मला आजही आठवत नाही. मी बघितलंच नाही.

साडी नेसवून झाली. बायका तिच्याभोवती बसल्या होत्या, कानडीत आणि मराठीत, दोन्हीत रडत होत्या. दाजींनी मला हाताला धरून भिंतीच्या कडेला नेलं. त्यांना रडू आलं नव्हतं अजून. डोळे कोरडे, आणि आवाजात कसलीशी धडपड.

"भाऊ," ते म्हणाले, "एक समाधान हाय बगा. शेवटपतूर तिला काय कळू दिलं न्हाय आमी. रोज सकाळी च्या करून द्यायचो, हसत प्यायची. काय बी कळलं न्हाय तिला. व्हय न्हवं?"

मी त्यांचा हात धरला.

"न्हाय दाजी," मी म्हणालो. "तिला काय कळलं न्हाय."